बेंजामिन फ्रँकलिन आणि जिन्यातल्या घंटा

फ्रँकलिन हे नाव घेतले की बहुतेकींना पतंग आठवतो. शाळेच्या पुस्तकात तसे चित्रच असे: काळे आभाळ, वर गेलेला पतंग आणि खाली किल्लीजवळ बोट नेणारे एक गृहस्थ. मी शाळेत विज्ञान शिकवीत होते तेव्हा कित्येक वर्षे ते चित्र मुलींना दाखवले. परंतु मंडळाच्या चिटणीसबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या शास्त्रज्ञाचे चरित्र लिहा असा आग्रह धरला, तेव्हा मला आठवल्या त्या फ्रँकलिनच्या घरातील, जिन्यात टांगलेल्या दोन घंटा. आभाळ भरून आले की त्या कोणी हात न लावता वाजत आणि घरातली बाई भेदरून जाई. त्या का वाजत हे कळले, म्हणजे स्थितिक विद्युत कळली असे मी समजते. म्हणून या चरित्रात घंटांना आणि त्या बाईला जरा जास्त जागा दिली आहे.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बोस्टन गावी झाला. तो मुलूख तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. वडील साबण आणि मेणबत्त्या करून विकीत. दोन बायकांची मिळून १७ मुले, त्यांत हा १५ वा. एवढ्या खटल्यात शिक्षणाला पैसा कोठून उरणार? जेमतेम दोन वर्षे शाळा झाली आणि दहाव्या वर्षी ती सुटली. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी सुरू झाली. भावाशी पटेना, तेव्हा १७२३ साली, वयाच्या १७ व्या वर्षी, हा फिलाडेल्फियाला पळाला. खिशात फारसे काही नाही, अंगावर मळके कपडे, दोन्ही काखांत एकेक पाव आणि तिसरा खात खात रस्त्याने चाललेले हे ध्यान एका घराच्या दारात उभ्या असलेल्या मुलीने पाहिले आणि तिला हसू आले. तिचे नाव डेबोरा रीड.

सात वर्षांनी, म्हणजे १७३० साली, त्यांचा संसार सुरू झाला. मधल्या काळात डेबोराचे एक लग्न होऊन नवरा पळून गेला होता. तो जिवंत आहे की मेला याचा पत्ता नव्हता, त्यामुळे रीतसर लग्न लावता आले नाही. दोघे नवराबायको म्हणून राहू लागले, इतकेच. फ्रँकलिनला दुसऱ्या एका स्त्रीपासून झालेला विल्यम नावाचा मुलगाही तिने पदरात घेतला. तिचा स्वतःचा मुलगा फ्रान्सिस १७३६ साली चार वर्षांचा असताना देवीने गेला. त्याला टोचून घेतले नव्हते, आणि ही हळहळ बापाच्या मनातून जन्मभर गेली नाही. पुढे १७४३ साली सेरा ही मुलगी झाली.

छापखाना, वर्तमानपत्र, दरवर्षी निघणारे पंचांग यांवर फ्रँकलिनने पैसा मिळवला हे खरे. पण दुकानाच्या गल्ल्यावर डेबोरा बसे, छापील कागदांच्या घड्या ती घाली, पुस्तिका ती शिवी आणि कागद करण्यासाठी लागणाऱ्या जुन्या चिंध्याही तीच विकत घेई. त्यामुळेच १७४८ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, नवऱ्याला धंद्यातून अंग काढून घेऊन प्रयोग करीत बसता आले. चरित्रकार या गोष्टीवरून जरा भरभर पुढे जातात असे मला वाटते.

प्रयोगांचे वेड त्याआधीच लागले होते. घासलेल्या अंबराला काडीकचरा चिकटतो हे ग्रीकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. अंबराच्या ग्रीक नावावरूनच इलेक्ट्रिसिटी हा शब्द आला. फ्रान्समधील द्यु फे याने १७३३ साली सांगितले होते की विद्युत दोन जातींची असते, एक काचेची आणि एक राळेची. सारख्या जाती एकमेकींना दूर ढकलतात, भिन्न जाती जवळ ओढतात. १७४६ च्या सुमारास लंडनहून पीटर कॉलिन्सन नावाच्या स्नेह्याने फिलाडेल्फियाच्या वाचनालयाला एक काचेची नळी पाठवली, कशी घासायची त्याच्या सूचनांसह. मग काय विचारता! फ्रँकलिनच्या घरी गंमत पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली. चहापाणी कोणी केले असेल ते सांगायला नकोच.

आता त्याचा जो प्रयोग मला पतंगापेक्षाही मोठा वाटतो, तो सांगते. दोन माणसे मेणाच्या जाड लाद्यांवर उभी करायची. मेणातून विद्युत जमिनीत निसटत नाही. आज आपण प्लॅस्टिकच्या पाटावर उभ्या राहू. पहिल्याने काचेची नळी घासायची आणि दुसऱ्याने त्या नळीजवळ बोट नेऊन तिच्यावरील विद्युत स्वतःकडे घ्यायची. तिसरा माणूस साध्या जमिनीवर. तिसऱ्याने पहिल्याजवळ बोट नेले तर ठिणगी पडते, दुसऱ्याजवळ नेले तरी पडते. पण पहिल्या दोघांनीच एकमेकांना बोट लावले, तर त्याहून जोराची ठिणगी पडते आणि त्यानंतर तिसऱ्याला दोघांकडूनही काही मिळत नाही. सारे शांत!

दुकानदारी केलेल्या या माणसाच्या डोक्यात त्याचा अर्थ हिशेबाच्या भाषेत आला. घासल्याने विद्युत नवी उत्पन्न होत नाही, ती फक्त एकाकडून दुसऱ्याकडे जाते. पहिल्याचे जेवढे कमी झाले तेवढेच दुसऱ्याकडे जास्त झाले. कमी ते ऋण, जास्त ते धन. तिसरा जमिनीवरचा, म्हणजे ना कमी ना जास्त. म्हणून तो दोघांच्याही मानाने वेगळा ठरतो. दोघांनी हात मिळवले की देणेघेणे फिटते. १७४७ साली त्याने हे कॉलिन्सनला पत्राने कळवले. द्यु फेच्या दोन जातींच्या जागी एकच वस्तू आणि तिचे कमीजास्त, एवढ्यावर त्याने काम भागवले.

आपल्या भिशीचेच पाहा ना. बारा जणींनी पैसे काढले आणि एकीला रक्कम मिळाली, म्हणजे मंडळात पैसा वाढला का? एकीच्या खात्यात जमा, बाकीच्यांच्या खात्यांत नावे, सगळ्यांची बेरीज पहिल्याइतकीच. विद्युत प्रभाराचा नियम हाच. आजवर तो कोठेही मोडलेला आढळला नाही.

या हिशेबात एक गंमत मात्र झाली. काच घासताना काही तरी काचेवर येते की काचेवरून जाते, हे त्या काळी डोळ्यांनी दिसण्याचा मार्ग नव्हता. फ्रँकलिनने काचेवर येते असे धरले आणि काचेला धन ठरवले. पुढे १८९७ साली इंग्लंडमध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधून काढला. प्रत्यक्षात जागा बदलतात ते हे इलेक्ट्रॉन, आणि त्यांचा प्रभार ऋण ठरला. रेशमाने काच घासली की इलेक्ट्रॉन काचेवरून रेशमावर जातात! म्हणजे वहीतील आकडे बरोबर, रकान्यांचे मथळे तेवढे उलटे. तोवर सर्व जगाची पुस्तके त्या मथळ्यांनी छापून झाली होती. म्हणून आजही मुलांच्या पुस्तकात विद्युतप्रवाहाचा बाण एकीकडे आणि तारेतले इलेक्ट्रॉन दुसरीकडे, अशी स्थिती आहे. परीक्षेत यावर हटकून प्रश्न येतो आणि मुली हटकून गोंधळतात.

थंडीत कोरड्या केसांतून प्लॅस्टिकची फणी फिरवली की केस फिस्कारतात. केसांतले इलेक्ट्रॉन फणीवर गेले, सगळ्या केसांवर सारखाच धन प्रभार राहिला, म्हणून प्रत्येक केस शेजारच्याला दूर ढकलतो. तीच फणी कागदाच्या कपट्यांजवळ नेली तर कपटे उडून चिकटतात. कपट्यावर प्रभार नसतो, पण फणीवरच्या ऋण प्रभारामुळे कपट्यातले इलेक्ट्रॉन किंचित पलीकडे सरकतात, फणीजवळची बाजू धन होते आणि जवळची ओढ लांबच्या ढकलीपेक्षा जास्त ठरते. पॉलिएस्टरची साडी पायांना चिकटते आणि काढताना तडतडते, तेही यामुळेच. त्या बारीक ठिणगीत हजारो व्होल्ट असतात, पण प्रभार इतका अल्प की नुसता चिमटा बसतो. पावसाळ्यात हे काहीच होत नाही. दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा थर धरतो आणि प्रभार त्यातून निसटून जातो. त्यामुळे मी हा धडा नेहमी डिसेंबरातच घेत असे.

याच सुमारास हॉलंडातील लायडन गावच्या नावाची बरणी निघाली होती, प्रभार साठवून ठेवणारी. आतून जेवढे जास्त तेवढेच बाहेरून कमी, हे तिच्याबाबतही फ्रँकलिनने दाखवून दिले. अशा बरण्यांच्या रांगेला त्याने तोफांच्या रांगेचे नाव दिले: बॅटरी. २३ डिसेंबर १७५० रोजी, नाताळच्या तोंडावर, दोन मोठ्या बरण्यांच्या झटक्याने टर्की कोंबडा मारण्याचा घाट या गृहस्थाने घातला आणि तो झटका स्वतःलाच बसला. काही वेळ शुद्ध गेली, छाती पुढे कित्येक दिवस दुखत होती. सणाच्या स्वयंपाकात पुरुषांनी लुडबुड केल्यावर दुसरे काय व्हायचे!

टोकदार सळई जवळ आणली की प्रभार गाजावाजा न करता निघून जातो, हेही त्याच्या मंडळींच्या ध्यानात आले होते. टोकावर प्रभाराची दाटी होते आणि लगतची हवाच वाट करून देते. मग ढगातली वीज हीसुद्धा मोठी ठिणगीच असेल तर? १७५० साली त्याने सुचवले की उंच जागी लोखंडी सळई उभारून पाहावे. त्याप्रमाणे १० मे १७५२ रोजी फ्रान्समधील मार्ली गावी ठिणग्या मिळाल्या. ती बातमी समुद्रापलीकडे पोचण्यापूर्वीच, जूनमध्ये, फ्रँकलिनने मुलगा विल्यम याला बरोबर घेऊन पतंग उडवला. रेशमी रुमालाचा पतंग, वर तारेचे टोक, तागाची दोरी, दोरीच्या शेवटी किल्ली आणि हातात धरायला कोरडी रेशमी फीत. ही फीत भिजू नये म्हणून तो आडोशाला उभा होता. मेणाच्या लादीचे काम येथे रेशमाने केले. दोरीचे तंतू फिस्कारून उभे राहिले आणि किल्लीजवळ बोट नेताच ठिणगी पडली. पतंगावर वीज कोसळली, असे पुष्कळांना वाटते, ते चूक आहे. कोसळली असती तर पुढचे चरित्र लिहावे लागले नसते. १७५३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये रिखमान नावाचा शास्त्रज्ञ असाच प्रयोग करताना जागच्या जागी मेला. आपल्याकडे वळवाच्या पावसात शेतात काम करणाऱ्या बाया झाडाखाली आसऱ्याला जातात आणि प्राणास मुकतात, त्याचेही कारण हेच: उंच एकटे झाड वीज ओढून घेते.

तडितरक्षक म्हणून आज उंच इमारतींवर जी सळई दिसते, ती फ्रँकलिनची देणगी. त्याने तिचे पेटंट घेतले नाही. उलट १७५३ च्या आपल्या पंचांगात ती कशी बसवावी हे छापून टाकले.

१७५२ च्या सप्टेंबरात त्याने स्वतःच्या घरावर सळई उभारली. तिची तार जिन्यातून खाली आणताना मध्ये तोडली, दोन्ही टोकांना सहा इंचांच्या अंतराने एकेक घंटा बांधली आणि दोहोंमध्ये रेशमी धाग्याने पितळेची गोळी टांगली. ढगामुळे वरच्या घंटेवर प्रभार आला की ती गोळीला ओढी. गोळी टेकताच तोच प्रभार तिच्यावर येई, म्हणून घंटा तिला ढकलून देई. गोळी दुसऱ्या घंटेवर आपटून प्रभार जमिनीला देई, मोकळी होई आणि पुन्हा ओढली जाई. टण् टण्, टण् टण्! एका रात्री जिन्यात एवढा उजेड पडला की खाली पडलेली टाचणीही सापडली असती, असे त्याने लिहून ठेवले आहे.

शास्त्र म्हणून हे उत्तमच. पण १७५७ साली तो वसाहतीच्या कामासाठी लंडनला गेला आणि घंटांच्या सोबतीला डेबोरा राहिली. समुद्रप्रवासाची तिने धास्ती घेतली होती, म्हणून ती कधी गेली नाही. घंटांची भीती वाटते असे तिने कळवले, तेव्हा १७५८ साली त्याने उत्तर पाठवले की दोन्ही घंटा एका तारेने जोडून टाकाव्या, म्हणजे प्रभार आवाज न करता जमिनीत जाईल. उपाय अगदी बरोबर होता. घरी येतो, असे मात्र त्याने लिहिले नाही. १७६२ साली तो परतला आणि १७६४ साली पुन्हा गेला. १७६५ साली स्टॅम्पाच्या करावरून लोक खवळले, फ्रँकलिनचेच घर जाळतील अशी आवई उठली. मुलीला दुसरीकडे धाडून डेबोरा बंदुका जवळ ठेवून घरातच बसून राहिली. पुढे तिला अर्धांगाचा झटका आला. १९ डिसेंबर १७७४ रोजी ती वारली, तेव्हा नवऱ्याला पाहून दहा वर्षे झाली होती. तो मे १७७५ मध्ये परत आला. एवढा हिशेबी माणूस, आणि या खात्यात त्याने किती बाकी ठेवली, याचा मला राग येतो. अर्थात रागावून आता उपयोग नाही.

पुढचे सर्वांना ठाऊकच आहे. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे, १७८३ चा इंग्लंडशी झालेला तह करणाऱ्यांत तो होता. पतंगाच्या वेळी बरोबर असलेला विल्यम इंग्रजांच्या बाजूचा राहिला आणि बापलेकांत कायमचे वितुष्ट आले. घरात गुलाम बाळगणारा हा माणूस १७८७ साली गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला, हेही सांगितले पाहिजे. उशिरा का होईना.

१७ एप्रिल १७९० रोजी, ८४ व्या वर्षी, तो फिलाडेल्फियात वारला. क्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत डेबोराच्या शेजारीच त्याला पुरले. मृत्युपत्रात सांगून ठेवल्याप्रमाणे दोघांवर मिळून एकच साधी संगमरवरी शिळा आहे. तिच्यावर ना पतंग ना वीज. दोघांची नावे आणि १७९० हे साल. डेबोराचे साल त्यावर नाही.