धर्मगुरू, घोडी आणि नऊ फुटांची नळी

रस्त्यावर गाडीची धडक बसलेला कुत्रा जनावरांच्या दवाखान्यात आणला की डॉक्टर आधी त्याच्या हिरड्या पाहतात, मांडीच्या आतल्या बाजूला नाडी चाचपतात आणि पुढच्या पायाला किंवा शेपटीच्या मुळाशी छोटा पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजतात. जखम किती मोठी दिसते यापेक्षा शरीरात रक्त पुरेशा दाबाने फिरते आहे का, हे त्या घडीला महत्त्वाचे असते. हा दाब जगात प्रथम मोजला गेला तो माणसाचा नव्हे, तर जनावरांचा. मोजणारा ना वैद्य होता, ना पशुवैद्य. तो इंग्लंडमधल्या एका खेड्याचा धर्मगुरू होता. त्याचे नाव स्टीफन हेल्स.

हेल्स यांचा जन्म १६७७ मध्ये केंट परगण्यात झाला. केंब्रिजला ते धर्मशास्त्र शिकायला गेले, पण न्यूटनच्या विचारांनी भारलेल्या त्या विद्यापीठात त्यांना मोजमापाची गोडी लागली. विल्यम स्टुकली या वैद्यकाच्या विद्यार्थ्याशी मैत्री जमली आणि दोघे मिळून प्राण्यांचे विच्छेदन करू लागले. हेल्स यांनी वैद्यकाची पदवी कधीच घेतली नाही. १७०९ मध्ये ते थेम्सकाठच्या टेडिंग्टन गावी धर्मगुरू म्हणून गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. १७२० मध्ये त्यांचे लग्न झाले, पण वर्षभरातच पत्नीचे निधन झाले. मूलबाळ नव्हते. पुन्हा लग्नही त्यांनी केले नाही.

रक्त शरीरात गोल फिरते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये सांगितले होते. पण ते किती जोराने फिरते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. हेल्स यांनी एका डिसेंबर महिन्यात सुमारे १४ वर्षांच्या एका घोडीला उताणी बांधले. तिच्या खांद्याच्या उंचवट्यावर चिघळलेली जखम होती. मांडीतली मोठी धमनी उघडून त्यांनी तिच्यात पितळी नळी बसवली. ती नऊ फूट उंच काचेच्या नळीला जोडायची, तर मधे लवचीक तुकडा हवा. रबरी नळ्या तेव्हा नव्हत्याच. म्हणून त्यांनी हंसाची श्वासनलिका वापरली. बांध सोडताच रक्त नळीत चढू लागले आणि हृदयाच्या पातळीच्या वर ८ फूट ३ इंचांवर जाऊन ठोक्यागणिक वरखाली होऊ लागले. आजच्या मापात हा दाब साधारण १९० मिलिमीटर पारा होतो. बांधलेल्या, घाबरलेल्या, वेदनेतल्या जनावराचा दाब एवढा चढलेला असणे स्वाभाविकच.

हेल्स तिथेच थांबले नाहीत. ठरावीक माप भरेल एवढे रक्त काढायचे आणि पुन्हा नळी जोडून उंची नोंदवायची, असे ते करत राहिले. काढलेल्या रक्ताच्या प्रमाणात दाब सरळ रेषेत उतरत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. घोडीने धडपड केली किंवा खोल उसासा टाकला की रक्त पुन्हा वर चढे. दाब फार खाली गेल्यावर तिला गार घाम सुटला आणि थोड्याच वेळात ती मेली. अति रक्तस्रावाने होणाऱ्या ‘शॉक’चे आकड्यांसह केलेले हे पहिले वर्णन म्हणता येईल, मात्र तो शब्द वैद्यकात यायचा होता.

या नोंदींतला बोध आजही अतिदक्षता विभागात रोज उपयोगी पडतो. रक्त कमी झाले की शरीर लगेच हार मानत नाही. हृदय वेगाने धडधडते, कातडीच्या आणि आतड्यांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदू व हृदयाकडचा पुरवठा राखला जातो. त्यामुळे सुरुवातीला रक्तदाब ठीक दिसतो आणि आपण फसतो. कुत्र्याच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्यात एक लिटरही नाही. राखीव साठा संपला की दाब झपाट्याने कोसळतो आणि मग हाताशी फार वेळ उरत नाही.

१७३३ मध्ये हेल्स यांनी हे सारे प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यात आणखीही बरेच होते. मेलेल्या घोड्याच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात वितळलेले मेण ओतून एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडत असेल, याचा अंदाज त्यांनी बांधला. मेलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या रक्तवाहिन्यांतून कोमट पाणी, गार पाणी, ब्रँडी असे द्रव सोडून पाहिले, तेव्हा काही द्रवांनी प्रवाह मंदावला. म्हणजे बारीक रक्तवाहिन्या आकसू शकतात. दाब सावरण्यासाठी रक्तवाहिन्या आकसवणारी औषधे आज दिली जातात, त्यामागचे तत्त्व हेच.

श्वासाकडेही त्यांचे लक्ष होते. बंद जागेतली तीच ती हवा पुन्हा पुन्हा घेतली तर जीव गुदमरतो, पण वाटेत विशिष्ट क्षारात भिजवलेले कापड ठेवले तर ती जास्त वेळ पुरते, हे त्यांनी दाखवले. कार्बन डायऑक्साइड शोषला जात होता, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला. आज जनावराला भूल देताना यंत्रातला चुन्याचा डबा हेच काम करतो. कोंदट जहाजांत आणि तुरुंगांत माणसे पटापट मरतात हे पाहून हेल्स यांनी मोठ्या भात्यांची हवा खेळवणारी यंत्रे बनवली. १७५२ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगावर पवनचक्कीवर चालणारे असे यंत्र बसले. तुरुंगातला ताप मुख्यतः उवांमुळे पसरत होता, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

या कामाची किंमत मुक्या जिवांनी मोजली, हे विसरता येत नाही. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. कवी अलेक्झांडर पोप हे हेल्स यांचे शेजारी आणि स्नेही. पोप यांच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून हेल्स यांची सही आहे. पण एवढ्या सज्जन माणसाने कुत्र्यांना असे चिरावे, हे पोप यांना आयुष्यभर खुपत राहिले. दारूच्या व्यसनाविरुद्ध लिहिणारा, गावाला स्वच्छ पाणी मिळावे म्हणून झटणारा हाच धर्मगुरू जिवंत घोडीला बांधून तिचे रक्त मोजत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आज असा प्रयोग कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे.

पुढे १८२८ मध्ये प्वाझय यांनी पारा वापरून नऊ फुटांची नळी हातभर केली. १८९६ मध्ये रिव्हा-रोची यांचा दंडाला बांधायचा पट्टा आला आणि माणसांचा रक्तदाब धमनी न कापता मोजता येऊ लागला. घोड्यांच्या शस्त्रक्रियेत मात्र धमनीत बारीक नळी घालून थेट दाब पाहण्याची पद्धत अजून रूढ आहे. पोटशुळासाठी शस्त्रक्रिया करताना सरासरी दाब ७० मिलिमीटरच्या खाली राहिला तर घोड्याचे स्नायू इतके दुखावू शकतात, की शुद्धीवर आल्यावर त्याला उभे राहणे अवघड जाते. म्हणून भूलतज्ज्ञाची नजर त्या आकड्यावरून हटत नाही.

घरच्या माणसांनाही यातून घेण्यासारखे आहे. जखमी कुत्र्याची हिरडी बोटाने दाबून सोडा. गुलाबी रंग दोन सेकंदांत परतायला हवा. हिरडी पांढरी पडली असेल, पाय गार लागत असतील, धाप लागली असेल, तर जखम लहान दिसली तरी थांबू नका. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, फळीवर किंवा चादरीत आडवे ठेवून लगेच दवाखान्यात न्या. वेदनेत ओळखीचा कुत्राही चावतो, हे लक्षात ठेवा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. मांजराला तर पॅरासिटामॉल जीवघेणे ठरते.

हेल्स ४ जानेवारी १७६१ रोजी टेडिंग्टन येथे वारले. वय ८३ वर्षे होते. राजघराण्यातल्या राजकन्या ऑगस्टा यांनी वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचे स्मारक उभारले. त्यांचे दफन मात्र गावातल्या साध्या चर्चच्या मनोऱ्याखाली झाले. ज्या घोडीमुळे रक्तदाब कळला, तिचे नाव कुठेही नोंदलेले नाही.