सांध्यातली फट आणि जॉन हॉल

बंदुकीत मागून दारूगोळी भरता यावी ही कल्पना फार जुनी. अडत असे ती सांध्यापाशी. मागचा भाग उघडमीट करावयाचा तर त्याला थोडी मोकळीक हवी. आणि मोकळीक ठेवली की बार उडताच पेटलेला वायू त्या फटीतून नेमबाजाच्या तोंडाशी उसळणार. घट्ट बसवावा, तर काजळीने तो जागीच अडकणार! या फटीपायी ज्याने आयुष्य वेचले त्या जॉन हॅन्कॉक हॉलचे चरित्र मला एखाद्या सेनापतीच्या चरित्राहून कमी वाटत नाही.

हॉल जन्मला १७८१ साली, अमेरिकेतील पोर्टलंड येथे. धंदा लाकूडकामाचा; पिंपे करावयाची, होड्या बांधावयाच्या. न झिरपणारा सांधा हेच ज्याचे पोटापाण्याचे साधन, त्याला बंदुकीची फट सलावी यात नवल कसले? १८११ साली त्याने पेटंट मागितले, तेव्हा पेटंट कचेरीचे प्रमुख विल्यम थॉर्नटन यांनी ही कल्पना आपल्याला आधीच सुचल्याचा दावा केला. पेटंट अखेर दोघांच्या नावे निघाले.

त्याच्या रायफलीत नळीमागे एक ठोकळा असे. त्यालाच रिसीव्हर म्हणत. खालची कळ ओढली की त्याचे तोंड वर येई. त्यात दारूगोळी भरून तो खाली दाबला की नळीशी जुळे. चापही त्यातच असल्याने पुढे काही शिपाई तो काढून पिस्तुलासारखा खिशात बाळगीत, ही गंमत वेगळीच. पण कारागिराने कानशीने घासून एका नळीशी जमवलेला रिसीव्हर दुसरीला नीट बसत नसे.

१८१९ साली सरकारने त्याला हार्पर्स फेरीच्या शस्त्रशाळेत १००० रायफलींचे काम दिले. पगार दरमहा ६० डॉलर, शिवाय नगामागे १ डॉलर. तेथे त्याने मुळालाच हात घातला. एका कडेवरून दुसरी व दुसरीवरून तिसरी मापली, तर केसाएवढी चूक साठत जाऊन सांधा सैल पडतो. म्हणून प्रत्येक भागावर एकच बिंदू पक्का धरून सारी मापे तेथूनच घ्यावयाची, असा दंडक त्याने घातला. जोडीला गेज आणि मिलिंगची भक्कम यंत्रे. ज्यांच्या घरी कोणी कलाभवनात शिकले असेल, त्या बडोदेकरांना याची थोरवी सांगावयास नको.

एवढ्या रायफली पुऱ्या होण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागला. खर्चावरून ओरड झाली; शस्त्रशाळेचे अधीक्षकही अनुकूल नव्हते. परंतु १८२६-२७ च्या तपासणीत १०० रायफली खोलून भाग एकमेकांत मिसळले, तरी पुन्हा जोडताच सारे बेमालूम बसले. १८३४ पर्यंत तर दूर कनेटिकटमध्ये सिमियन नॉर्थने केलेले भागही हार्पर्स फेरीच्या भागांशी जुळू लागले.

फट मात्र पुरती गेली नाही. वापराने सांधा झिजे, वायू निसटे, गोळीचा जोर उणावे. पुढे धातूच्या काडतुसाने तो दोष मिटवला. त्याचे कवच बाराबरोबर फुगून स्वतःच फट बुजवते. हॉलला ते पाहावयास मिळाले नाही. प्रकृती ढासळल्याने १८४० साली त्याने हार्पर्स फेरी सोडली, आणि २६ फेब्रुवारी १८४१ रोजी मिसूरीत त्याचा अंत झाला.