हातात फावडे घेतलेला अभियंता : पिअर सेरेसोल

२०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी ओसरल्यावर आमच्या वसतिगृहातील काही मुलांच्या घरांचा केवळ चौथरा उरला होता. गावोगावचे लोक मदत घेऊन धावले. ते ऋण आम्ही विसरणार नाही. तरीही मदत पोहोचविणे आणि घरधन्याबरोबर चिखलात उतरणे यांत अंतर आहे, हे आम्हांस तेव्हा उमगले. म्हणूनच या स्मरणिकेत पिअर सेरेसोल यांचे चरित्र आम्ही देत आहोत.

सेरेसोल यांचा जन्म १८७९ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे झाला. वडील त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. पिअर अभियंता झाले. वारसाने आलेली संपत्ती मात्र त्यांनी राष्ट्राच्या स्वाधीन केली. पहिल्या महायुद्धात लष्करी कर नाकारून त्यांनी तुरुंगवासही पत्करला.

१९२० साली व्हर्दूननजीकच्या एस्न या उद्ध्वस्त फ्रेंच गावात ते स्वयंसेवकांसह घरे उभारावयास गेले. त्या तुकडीत जर्मनही होते. कालच्या शत्रूने आज वीट रचावी, हा त्यांचा हेतू होता. परंतु जखमा ताज्या होत्या. विरोधामुळे काही महिन्यांतच काम सोडावे लागले. सेरेसोल खचले नाहीत. १९२८ साली लिख्टेनश्टाइनमधील पुरानंतर त्यांच्या हाकेस शेकडो स्वयंसेवकांनी ओ दिली.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार भूकंपाने हादरला. जमिनीतून उसळलेल्या वाळूने शेते व जलमार्ग बुजले आणि गावांना पुराचा धोका निर्माण झाला. पंचावन्नाव्या वर्षी सेरेसोल तेथे आले. महात्मा गांधी व राजेंद्रप्रसाद यांना भेटले. मुझफ्फरपूर परिसरातील गावे सुरक्षित जागी वसविण्याच्या कामी मोजके युरोपीय सहकारी व ग्रामस्थ एकत्र राबले. त्यांतील एका नव्या वस्तीस शांतिपूर हे नाव मिळाले. १९३७ पर्यंत त्यांचे हे कार्य चालले.

२३ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांचे निधन झाले.

एस्नमध्ये हात परत पाठविले गेले, बिहारमध्ये ते स्वीकारले गेले; फावडे मात्र तेच होते. परक्याच्या दारी दाता म्हणून नव्हे, तर गडी म्हणून उभे राहावे, हा त्यांच्या आयुष्याचा अर्थ आम्हांस वाटतो. पंचगंगा पुन्हा पात्राबाहेर येईल. तेव्हा आमची मुले कोणाच्या तरी अंगणात पाटी उचलताना दिसावीत, एवढीच आमची इच्छा आहे.