दोन महिन्यांचे सव्वापाच हजार डॉलर : ‘सायक्लोन’ टेलरची गोष्ट

१९०९ साल संपता संपता कॅनडातल्या रेनफ्रू नावाच्या गावाने एका पंचवीस वर्षांच्या पोराशी करार केला. गावाची वस्ती जेमतेम चार हजारांच्या आसपास, ओळख काय तर दूध-लोणी. करार फक्त एका हंगामाचा, म्हणजे बारा सामने, जेमतेम दोन-अडीच महिने. आणि रक्कम ५,२५० डॉलर. कॅनडाभर बोंब झाली. बेसबॉलचा टाय कॉब हा तेव्हाचा अमेरिकेतला सगळ्यात मोठा खेळाडू. त्याला वर्षाला याहून जास्त पैसे मिळत, पण त्यासाठी दीडशेच्या वर सामने घासावे लागत. सामन्यामागे हिशेब केला तर त्या काळात या पोराइतका महाग खेळाडू दुसरा नव्हता.

पोराचं नाव फ्रेडरिक टेलर. लोक त्याला ‘सायक्लोन’ म्हणायचे, म्हणजे चक्रीवादळ.

हॉकी म्हटलं की बेळगाव, ग्वाल्हेर, महूकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर मैदान येतं. ही हॉकी ती नव्हे. ही बर्फावरची, पायात लोखंडी पात्याचे स्केट बांधून खेळायची, चेंडूऐवजी रबराच्या चपट्या चकतीने. तेव्हा संघात सात जण असत. त्यातला ‘रोव्हर’ हा मोकाट सुटलेला गडी, मागेही आणि पुढेही. यंत्राने गोठवलेला बर्फ कॅनडात अजून आला नव्हता. थंडी पडली की रिंक गोठायचा आणि मार्चमध्ये ऊन तापलं की हंगाम संपायचा. त्यामुळे खेळाडूचा करारही बर्फाच्या आयुष्याएवढाच. बर्फ वितळला की गडी मोकळा, आणि मालकही मोकळा. पुढच्या थंडीत पुन्हा नवा सौदा. टेलरचं सगळं तारुण्य या छोट्या सौद्यांवर गेलं आणि त्यातला प्रत्येक सौदा त्याने फार विचार करून केला.

ऑन्टारिओ प्रांतातल्या टारा गावात १८८४ साली त्याचा जन्म झाला. वाढला लिस्टोवेलमध्ये. बाप शेतीची अवजारं विकायचा. कमाई बेताची, खाणारी तोंडं बरीच. फ्रेडने शाळा सोडली आणि गावातल्या पियानोच्या कारखान्यात कामाला लागला. दिवसा कारखाना, थंडीत संध्याकाळी बर्फ. वीस वर्षांचा होईस्तोवर गावाच्या ज्युनियर संघातलं त्याचं नाव टोरोंटोपर्यंत पोचलं होतं.

आणि तिथेच पहिला फटका बसला. १९०४ मध्ये ऑन्टारिओच्या हॉकी संघटनेच्या सचिवाने त्याला टोरोंटोच्या मार्लबोरोज संघात बोलावलं. टेलर नाही म्हणाला. सचिवाने प्रांतातल्या सगळ्याच संघांचे दरवाजे त्याला बंद केले. संघटना हौशी खेळाची, पैसे घेणाऱ्याला तिथे पापी समजलं जाई. पैसे द्यायचे नाहीत, करारही करायचा नाही, पण कुठे खेळायचं हे मात्र आम्ही ठरवणार, असा सगळा कारभार. अख्खी थंडी टेलर घरी बसला. करार नसलेल्या खेळाडूची अवस्था करार असलेल्याहून वाईट असू शकते, हे त्याला विसाव्या वर्षीच कळलं.

मग त्याने प्रांतच सोडला. १९०६ च्या सुरुवातीला तो पश्चिमेला, मॅनिटोबातल्या पोर्टेज ला प्रेअरीला गेला. महिना पंचवीस डॉलर आणि राहणं-जेवण फुकट. तिथे जरा चमकतोय तोच अमेरिकेतून बोलावणं आलं. मिशिगन राज्यातलं हूटन हे तांब्याच्या खाणींचं गाव, पैसा खुळखुळत होता. तिथे ‘पोर्टेज लेक्स’ नावाचा संघ होता आणि उघडउघड पगार देणारी पहिली व्यावसायिक लीग तिथेच चालत होती. उरलेल्या हंगामाचे चारशे डॉलर आणि खर्च वेगळा. टेलर सीमा ओलांडून गेला. कुणी अडवलं नाही, कुणी विचारलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे. १९०६ आणि १९०७, दोन्ही वर्षी त्याच्या संघाने ती लीग जिंकली. आणि मग लीगच बुडाली.

आता पुढचा सौदा. बोलावणी बरीच होती, पण त्याने निवडलं ऑटावा. कारण एकटा हॉकीचा पैसा नव्हता. हंगामाचे पाचशे डॉलर तर होतेच, पण सोबत केंद्र सरकारच्या इमिग्रेशन विभागात कारकुनी, महिना ३५ डॉलर. ऑटावा ही राजधानी. तिथल्या क्लबवाल्यांचे हात खात्यांपर्यंत पोचलेले असायचे. बर्फावरचा करार मार्चमध्ये वितळतो, सरकारी नोकरी वितळत नाही, हे पियानोच्या कारखान्यातून आलेल्या पोराला नीट समजत होतं. आपल्याकडे रेल्वेत, पोलिसात, बँकेत ‘स्पोर्ट्स कोट्या’तून लागलेली पोरं बघितलेल्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही.

ऑटावात तो बचावफळीत खेळायचा, पण चकती घेऊन असा सुटायचा की बघणारा उभा राही. गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे सामना बघायला आले असताना त्यांनी या गड्याला चक्रीवादळाची उपमा दिली, ती पेपरवाल्याने उचलली आणि ‘सायक्लोन’ नाव चिकटलं, असं सांगतात. १९०९ मध्ये ऑटावाने स्टॅनली कप जिंकला. कॅनडाच्या हॉकीत त्याच्या वर काही नाही.

इथे रेनफ्रू येतं. तिथला एम. जे. ओब्रायन हा खाणी आणि रेल्वेच्या कंत्राटांवर गबर झालेला माणूस. त्याचा मुलगा अॅम्ब्रोज याला गावात स्टॅनली कप आणायचा होता. जुन्या लीगने रेनफ्रूला दारात उभं केलं नाही, तेव्हा त्याने १९०९ च्या डिसेंबरात नवी लीगच काढली, नॅशनल हॉकी असोसिएशन. आणि मग थैली सोडली. लेस्टर पॅट्रिकला तीन हजार, त्याचा भाऊ फ्रँक याला दोन हजार आणि टेलरला ५,२५०. बारा सामन्यांनी भागलं तर सामन्यामागे ४३७ डॉलर. ऑटावात कारकून म्हणून लागला तेव्हा त्याचा वर्षाचा पगार ४२० होता.

लोण्याच्या गावाचा संघ लोकांच्या तोंडी ‘मिलिओनेअर्स’ झाला. पण कप काही आला नाही, तो माँट्रियलच्या वाँडरर्सनी नेला. त्या हंगामातलं लोकांच्या लक्षात राहिलं ते दुसरंच. टेलरने म्हणे फुशारकी मारली होती, की ऑटावाच्या संघातून मी उलटा स्केटिंग करत जाऊन गोल करीन. ऑटावात सामना झाला तेव्हा कालपर्यंत डोक्यावर घेणाऱ्या प्रेक्षकांनी त्याला लिंबं आणि बाटल्या फेकून मारल्या. रेनफ्रू हरलं. मार्चमध्ये ऑटावा रेनफ्रूला आलं तेव्हा रेनफ्रूने १७-२ असा धुव्वा उडवला आणि टेलरने पाठमोरा गोल केला. तो किती पाठमोरा होता यावर लोक अजून भांडतात. असल्या गोष्टी खऱ्या-खोट्याच्या पलीकडे गेलेल्या असतात.

मालकांना मात्र आकडे टोचत होते. पुढच्याच हंगामात लीगने नियम केला, अख्ख्या संघाचा पगार मिळून पाच हजार डॉलरच्या वर जाता कामा नये. म्हणजे गेल्या वर्षी एकट्या टेलरला जेवढं मिळालं त्याहून कमी पैशात आता सगळा संघ. खेळाडू चिडले. आर्ट रॉस, ब्रूस स्टुअर्ट यांनी स्वतःची वेगळी लीग काढायची भाषा केली. पण खेळणार कुठे? रिंक मालकांच्या हातात होते आणि ते मिळाले नाहीत. बंड तिथेच विरलं.

१९११ मध्ये ओब्रायनने संघ गुंडाळला. टेलरचा करार संपलेला, संघ उरलेला नाही, तरीही तो मोकळा नव्हता. रेनफ्रूचे खेळाडू उरलेल्या क्लबांत वाटून टाकले आणि त्याचे हक्क गेले माँट्रियलच्या वाँडरर्सकडे. त्याला जायचं होतं ऑटावाला. छोट्या कराराची हीच तर एक जमेची बाजू होती, मुदत संपली की गडी आपल्या मनाचा राजा. मालकांनी पैसा तर कापलाच, पण खरं नुकसान केलं ते हे. मुदत तुमच्यासाठी छोटी आणि हक्क आमच्याकडे कायमचा, असा एकतर्फी व्यवहार सुरू झाला. टेलरने माँट्रियलला साफ नकार दिला. ऑटावाने त्याला एका सामन्यात उतरवून पाहिलं, त्यावरून तंटा झाला, आणि तो जवळजवळ सगळा हंगाम बाहेर बसून राहिला. विसाव्या वर्षी बसला होता तसाच, फक्त आता तो कॅनडातला सगळ्यात नावाजलेला खेळाडू होता.

यातून वाट काढली ती रेनफ्रूच्या जुन्या सोबत्यांनी. पॅट्रिक बंधू पॅसिफिकच्या किनाऱ्यावर गेले होते. बापाच्या लाकूड धंद्यातला पैसा घालून त्यांनी १९११ मध्ये नवी लीग काढली. व्हँकुव्हरला दहा हजारांवर प्रेक्षक बसतील असं डेनमन अरीना बांधलं आणि त्यात यंत्राने बर्फ गोठवला. पूर्वेकडच्या मालकांचे हक्क ते जुमानत नव्हते. १९१२ च्या अखेरीस टेलर तिकडे गेला. रेनफ्रूएवढा पैसा नव्हता, पण नोकरी होती. व्हँकुव्हरच्या इमिग्रेशन कार्यालयात. १९१४ च्या मार्चमध्ये त्याने ऑटावाच्या थर्झा कुकशी लग्न केलं. हॉकी खेळणारा जावई तिच्या घरी पसंत नव्हता म्हणतात. आधी गाठीला पैसा आणि पायाखाली नोकरी, मग लग्न, असा त्याचा हिशेब.

लग्नाला दोन महिने होतात तोच, २३ मे १९१४ रोजी, व्हँकुव्हरच्या खाडीत एक जपानी जहाज येऊन थांबलं. नाव कोमागाटा मारू. गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेल्या त्या जहाजावर ३७६ हिंदुस्थानी होते. बहुतेक शीख, थोडे मुसलमान आणि हिंदू. सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, जसा टेलर होता तसेच. जहाजावर पाय ठेवणारा कॅनडाचा पहिला अधिकारी होता फ्रेड टेलर.

कॅनडाने कायदा असा केला होता की मायदेशातून न थांबता थेट आलेल्यालाच प्रवेश मिळेल. हिंदुस्थानातून तसं येणारं जहाजच नव्हतं, म्हणजे नाव न घेता बंदी. शिवाय आशियातून येणाऱ्याच्या खिशात दोनशे डॉलर हवेत अशी अट. दोन महिने ते जहाज किनाऱ्यापासून काही अंतरावर उभं राहिलं. अन्नपाण्याचे हाल झाले. धक्क्यावर बघ्यांची गर्दी जमायची. आधीपासून कॅनडात राहणारे वीसेक लोक आणि एका डॉक्टरचं कुटुंब सोडलं तर कुणाला उतरू दिलं नाही. २३ जुलैला युद्धनौकेच्या पहाऱ्यात जहाज परत पाठवलं. सप्टेंबरअखेरीस ते कोलकात्याजवळ बजबजला पोचलं तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि वीसच्या आसपास माणसं मेली. त्या संतापाने गदर चळवळ पेटली. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे याच चळवळीत अमेरिकेहून परतले आणि १९१५ मध्ये लाहोरला फासावर गेले.

टेलरने धोरण ठरवलं नव्हतं. तो खात्याचा माणूस होता, वरून आलेला हुकूम पाळणारा. तरीही चार दमड्या जास्त मिळतात म्हणून प्रांत आणि देश ओलांडत गेलेला हा माणूस, पोटासाठीच समुद्र ओलांडून आलेल्यांच्या समोर सरकारचे कागद घेऊन उभा होता, हे त्याच्या चरित्रातून वगळता येत नाही. कॅनडातल्या खेळाच्या गौरवग्रंथांत हे पान बहुधा एका ओळीत उरकलेलं असतं.

पुढच्याच थंडीत, मार्च १९१५ मध्ये, स्टॅनली कपसाठी ऑटावाचा संघ व्हँकुव्हरला आला. ज्यांनी त्याला लिंबं मारली होती तेच ऑटावा. व्हँकुव्हरने तिन्ही सामने जिंकले आणि टेलर त्यात पुढे होता. पॅसिफिकच्या लीगमध्ये त्याने पाच वेळा गुणतक्त्यात पहिला नंबर काढला. १९१७-१८ च्या हंगामात अठरा सामन्यांत ३२ गोल केले, तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. १९२१ मध्ये थांबला. नंतर एकदा पुन्हा उतरून पाहिलं, एकच सामना.

नोकरी मात्र चालूच राहिली. इमिग्रेशन खात्यात तो चढत चढत ब्रिटिश कोलंबिया आणि युकॉनचा आयुक्त झाला. १९४६ मध्ये ब्रिटिश सरकारचा एमबीई किताब, तोही खात्यातल्या सेवेसाठी. १९४७ मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव. १९५० मध्ये निवृत्ती. जून १९७९ मध्ये व्हँकुव्हरलाच तो वारला, वय ९४.

डेनमन अरीना १९३६ मध्ये जळून गेलं. ते कोल हार्बर भागात, पाण्याच्या काठाला होतं. आता तिथे बाग आहे. त्याच किनाऱ्याने चालत गेलं की कोमागाटा मारूच्या प्रवाशांचं स्मारक लागतं, २०१२ मध्ये उभं केलेलं. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ च्या मे महिन्यात.