हैदराबादचे विमान आणि मुंबईचा वेलिंगकर

लंडनच्या हेंडन भागात ब्रिटिश वायुदलाचे संग्रहालय आहे. तेथे पहिल्या महायुद्धातील एक बाँबफेकी विमान जपून ठेवलेले असून त्यावर आपल्या शहराचे नाव आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी दिलेल्या देणगीतील ते विमान. ज्या एकशेदहाव्या पथकाला ही विमाने मिळाली, त्याच्या नावालाच 'हैदराबाद' जोडले गेले. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी हे विमान जर्मनांच्या हाती पडले आणि त्यातील दोघे वैमानिक कैद झाले. पुढे बर्लिन व पोलंड अशी वाट तुडवून ते १९७७ साली इंग्लंडला परतले. इतके होऊनही त्यावरील नावाची ओळख बुजली नाही.

हे मनात आले की मला श्रीकृष्ण वेलिंगकर आठवतो. तो हैदराबादचा नव्हे, मुंबईचा. आणि त्याचे विमानही बाँबफेकी नव्हे, लढाऊ होते. पण त्याच वर्षी, त्याच आकाशात आपल्यातला एक मराठी तरुण लढत होता, हे आपल्याला कितीसे ठाऊक असते?

त्याचा जन्म १८९४ चा. शिक्षणासाठी तो केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेला. युद्धाला तोंड लागल्यावर त्याने वैमानिक होण्यासाठी अर्ज केला, तेव्हा त्याला यांत्रिकाची जागा देऊ करण्यात आली. गोऱ्या सहाध्यायांना जे कमिशन सहज मिळे, ते या हिंदी पदवीधराला झगडून मिळवावे लागले. त्याने ते मिळविले. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय व सेन हे त्या युद्धातील दुसरे तिघे नामांकित हिंदी वैमानिक.

वेलिंगकर तेविसाव्या पथकात 'डॉल्फिन' चालवी. या एकआसनी विमानात वैमानिकाचे डोके वरच्या पंखातील मोकळ्या जागेतून बाहेर येई. त्यामुळे वरचे आकाश उत्तम दिसे. पण उतरताना विमान उलटले तर पहिला घाव डोक्यावरच. ब्रिटिश वैमानिकांना तेव्हा हवाई छत्रीही दिली जात नसे.

२७ जून १९१८ रोजी तो गस्तीवर गेला तो परतलाच नाही. जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती सापडून ३० जूनला त्याने प्राण सोडला. वय अवघे तेवीस. तीनच आठवड्यांनी एकोणीस वर्षांचा इंद्रलालही पडला. जर्मनांनी वेलिंगकराला अधिकारी म्हणून पुरले खरे, पण थडग्यावर नाव भलतेच उमटले. मुंबईत घरच्यांना मुलगा बेपत्ता एवढेच कळावे आणि तिकडे त्याच्या मातीवर अनोळखी नाव असावे, याहून क्रूर ते काय? युद्ध संपल्यावर शोध होऊन ओळख पटली. आज फ्रान्समध्ये अमियाँजवळ हांगार येथे तो स्वतःच्या नावाने विसावला आहे.

ज्या साम्राज्याने त्याला आधी यांत्रिकाचीच योग्यता दिली, त्यासाठीच तो मेला. याचा अभिमान धरावा की खंत, हे ज्याने त्याने ठरवावे. माझे म्हणणे एवढेच, की हैदराबादच्या त्या विमानाची गोष्ट मुलांना सांगताना वेलिंगकराचे नावही सांगावे, आणि ते अक्षर न चुकता सांगावे.