ॲनी बेझंट आणि मेबलचा ताबा

होमरूल चळवळीच्या नेत्या म्हणून भारतीयांना परिचित असलेल्या ॲनी बेझंट यांना इंग्लंडमध्ये स्वतःच्या मुलीला मुकावे लागले होते. धर्मोपदेशक पती फ्रँक यांच्यापासून १८७३ मध्ये विभक्त होताना मुलगा डिग्बी पित्याकडे, तर मेबल आईकडे राहिली. पुढे बेझंट यांनी उघडपणे नास्तिकतेचा पुरस्कार केला. संततिनियमनविषयक पुस्तिकेबद्दल १८७७ मध्ये त्यांच्यावर खटलाही चालला. याच कारणांवरून १८७८ मध्ये न्यायाधीश जॉर्ज जेसेल यांनी जेमतेम सात वर्षांच्या मेबलचा ताबा पित्याकडे सोपवला. मुलीची आबाळ झाली होती, असे नव्हे. आईची मतेच तिचा अपराध ठरली. मोठेपणी मात्र दोन्ही मुले आईकडे परतली. बालकाचे हित सर्वोपरी, हे तत्त्व तेथील कायद्यात १९२५ मध्ये आले. तेव्हा बेझंट ७७ वर्षांच्या होत्या.