फादर थॉमस स्टीफन्स व त्यांचे मराठी पुराण

बीड जिल्ह्यातील आपल्या उपदेशकांस अंबाजोगाई हे गाव ठाऊक नाही असे होणार नाही. आद्यकवी मुकुंदराज ह्यांची समाधी तेथे आहे, आणि वस्त्रावर लिहिलेली दासोपंतांची पासोडीही तेथलीच. दासोपंत १५५१ साली जन्मले व १६१५ साली वारले. ते अंबाजोगाईस गीतेवर मराठी टीका लिहीत होते, त्याच काळात दूर दक्षिणेस, गोव्यातील साष्टी प्रांतात, एक इंग्रज गृहस्थ ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओव्यांत रचीत होते. फादर थॉमस स्टीफन्स हे त्यांचे नाव. ते रोमन मंडळीचे, आणि त्यातही जेज्वीट म्हणजे येशूसंघाचे पाद्री होते.

आपल्या पत्रात रोमन पाद्र्याचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. पवित्र शास्त्राच्या अधिकाराविषयी आपल्यात व रोमन मंडळीत जो भेद आहे, तो ह्या एका मनुष्याच्या आयुष्यावरून जसा उमगतो तसा वादाच्या पुस्तकांवरून उमगत नाही, हेच त्याचे कारण.

स्टीफन्स ह्यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात बुश्टन ह्या खेड्यात झाला. वडील लंडनचे व्यापारी होते. मुलगा दहा वर्षांचा होण्याच्या आतच त्या देशाचा राजधर्म प्रॉटेस्टंट, मग रोमन व पुन्हा प्रॉटेस्टंट असा पालटला. विल्यम टिंडेल ह्यांनी शास्त्राचे इंग्रजी भाषांतर करण्यास हात घातला, आणि त्यांस १५३६ साली पाखंडी ठरवून ठार मारण्यात आले होते. पुढे एलिझाबेथ राणीच्या अमलात प्रत्येक गावच्या उपासनामंदिरात इंग्रजी शास्त्र ठेवावे असा हुकूम झाला. परंतु त्याच राणीच्या अमलात रोमन मताचे लोक तुरुंगात पडू लागले. स्टीफन्स ह्यांचे जिवलग मित्र थॉमस पाउंड ह्यांनी आपल्या मतासाठी कित्येक वर्षे बंदिवास भोगला. कोणत्याही पक्षाचे हात स्वच्छ नव्हते, हे आपण कबूल केले पाहिजे. स्टीफन्स देश सोडून रोम शहरी गेले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले.

आता वाद काय होता ते पाहू. आपल्या खेड्यांत जमिनीचा तंटा लागला म्हणजे एक पक्ष सनद पुढे करितो व दुसरा पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट सांगतो. ट्रेंट येथील रोमन धर्मसभेने १५४६ साली असे ठरविले की, शास्त्र ही सनद खरी, परंतु प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा, म्हणजे वहिवाट, तीही तितक्याच आदराने मानावी. आणि सनदेचा अर्थ सांगण्याचा अधिकार ती सांभाळणाऱ्या मंडळीचा आहे. लोकभाषेतील शास्त्र ज्याला वाचावयाचे असेल त्याने बिशपांची लेखी परवानगी घ्यावी, असा नियमही १५६४ साली झाला. प्रॉटेस्टंट लोकांचे म्हणणे असे की, वहिवाट कितीही जुनी असो, ती सनदेवरून तपासली पाहिजे, आणि ती सनद प्रत्येकास आपल्या भाषेत वाचता आली पाहिजे. कोणती पुस्तके शास्त्रात मोडतात हे मंडळीनेच ना ठरविले, असे रोमन पक्ष विचारतो. प्रश्न हलका नाही. आपले उत्तर असे आहे की, मंडळीने ती पुस्तके ओळखली, निर्माण केली नाहीत.

स्टीफन्स १५७९ च्या एप्रिलात लिस्बन बंदर सोडून ऑक्टोबरात गोव्यास उतरले. तेथे पुढील चाळीस वर्षे, बहुतेक साष्टीतच, त्यांनी काढली. पोर्तुगीज सरकारने त्या प्रांतातील देवळे पाडली होती व देशी भाषेतील धर्मग्रंथ नष्ट केले होते. ह्या जुलुमाचे फळ १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी गावी दिसले. तेथे रागावलेल्या लोकांनी पाच येशूसंघी व त्यांच्यासोबतच्या कित्येकांस मारिले. त्यांची प्रेते परत मिळवून पुरण्याच्या कामी स्टीफन्स पुढे होते. मग पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांस असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. ज्या प्रांतात सुवार्तेबरोबर तलवारही हिंडत होती तेथे स्टीफन्स ह्यांस लोकांची मने मिळवावयाची होती. त्यांनी त्यासाठी लोकांची भाषा धरिली.

त्यांच्या स्वभावाची साक्ष देणारी एक गोष्ट आहे. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आदी इंग्रज व्यापाऱ्यांस पोर्तुगीजांनी हुर्मुझ बंदरी पकडून गोव्याच्या तुरुंगात टाकिले. ते ज्या राज्यातून आले त्याच राज्यात स्टीफन्स ह्यांच्या मताच्या लोकांचा छळ चालू होता. तरी त्यांस जामीन मिळवून देण्याच्या कामी स्टीफन्स ह्यांनी साहाय्य केले.

साष्टीच्या नव्या ख्रिस्ती लोकांची एक तक्रार होती. आमची जुनी पुराणे गेली, प्रश्नोत्तरे व प्रार्थना शिकविल्या, पण वाचावयास व ऐकावयास आम्हांजवळ काही नाही, असे ते म्हणत. ह्या मागणीचा उल्लेख पुराणाच्या आरंभीच आला आहे. तिचे उत्तर म्हणून रचलेला ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापून निघाला. आज आपण त्यास क्रिस्तपुराण म्हणतो. त्याचे दोन भाग आहेत: पहिल्यात ३६ अध्याय असून जुन्या कराराचा विषय आहे, दुसऱ्यात ५९ अध्याय असून ख्रिस्ताचा जन्म, शिक्षण, दुःखसहन व पुनरुत्थान आहे. एकूण ओव्या सुमारे ११,०००. स्वर्गास वैकुंठ म्हणावयास त्यांना संकोच वाटला नाही. मराठी भाषेची स्तुती तर त्यांनी अशी केली आहे की, जन्मतः मराठी असलेल्यानेही तिचा हेवा करावा.

परंतु हे पुराण शास्त्राचे भाषांतर नव्हे. ते शास्त्रातील कथांचे कथन आहे. देवदूतांच्या पतनाची कथा त्यात सविस्तर येते, उत्पत्तीची कथाही येते. मोशेने लिहिलेले कोठे संपले व मंडळीच्या परंपरेतील कोठे सुरू झाले, हे ऐकणाऱ्यास कळण्याचा मार्ग नव्हता. सनद व वहिवाट एकाच ओवीत गुंफली गेली. येथेच आमचा त्यांच्याशी भेद आहे. स्टीफन्स ह्यांच्या देशांतर केलेल्या बांधवांनी १५८२ साली रीम्स येथे इंग्रजी नवा करार छापला होता, म्हणजे लोकभाषेतील भाषांतर रोमन मंडळीस अगदीच अशक्य होते असे नाही. साष्टीच्या शेतकऱ्यास मात्र ते मिळाले नाही.

त्याच्या हाती अक्षरही आपले पडले नाही. देशी लिपीत ग्रंथ छापण्याची परवानगी मिळावी म्हणून स्टीफन्स ह्यांनी १६०८ साली रोमला पत्र लिहिले. खिळे पुष्कळ लागतात ही अडचण त्यांस ठाऊक होती, तरी त्यांची इच्छा तीव्र होती. ती पुरी झाली नाही; ग्रंथ रोमन लिपीत निघाला. आमच्या मते ह्या चरित्रातील सर्वांत खेदाची गोष्ट ही आहे, आणि तिचा दोष त्यांच्याकडे जात नाही.

१६१९ साली ते गोव्यास वारले. त्यांनी रचलेले कोकणी भाषेचे व्याकरण १६४० साली छापले गेले. हिंदी भाषांपैकी कोणत्याही भाषेचे ते पहिले छापील व्याकरण होय. पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ साली निघाल्या. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढिला, आणि ग्रंथ मागे पडला. त्या तीनही आवृत्त्यांपैकी एकही प्रत आजवर सापडलेली नाही. हस्तलिखितांच्या आधारे व मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांच्या मुखी ओव्या तगल्या, आणि १९०७ साली मंगळुरास सल्ढाणा ह्यांनी तो ग्रंथ पुन्हा छापिला. मधल्या काळात, १८११ साली, श्रीरामपुरास विल्यम कॅरी ह्यांनी मराठी नवा करार छापून काढिला होता. त्याची भाषा ओबडधोबड होती व ओवीची गोडी तीत नव्हती. पण वाचणारा ते वाक्य तपासू शकत होता. रोमन मंडळीनेही १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन सभेत, परंपरेचा मान न सोडता, शास्त्र सर्वांस मोकळे असावे असे ठरविले.

अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट ह्यांस लंडन येथील मार्सडेन ह्यांच्या संग्रहात ह्याच पुराणाचे नागरी लिपीतील हस्तलिखित आढळले, आणि १९२३ साली त्यांनी ते विद्वानांच्या नजरेस आणिले. एका जेज्वीटाचे पुराण त्याने मागितलेल्या लिपीत पुन्हा उजेडात आणिले ते एका प्रॉटेस्टंट मिशनऱ्याने! ह्याच ॲबटसाहेबांनी पुढे १९२८ साली अंबाजोगाईच्या दासोपंतांचे चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले. क्रिस्तपुराण नागरी लिपीत छापून मराठी वाचकांच्या हाती पडावयास मात्र १९५६ साल उजाडावे लागले; ती आवृत्ती पुण्यास शांताराम बंडेलू ह्यांनी काढिली.